किन्हीराजाला चाळीस ओळी पुरतात

एखाद्या वेबपानावर किन्हीराजा हे एक गाव निवडण्यासाठी महाराष्ट्रातली चाळीस हजारांहून अधिक गावं माझ्या मोबाइलमध्ये उतरवावी लागत असतील, तर ते पान लिहिणाऱ्याने आपलं काम केलेलं नाही. त्याने पैसे घेतले, पान चालू करून दिलं, त्याच्या ऑफिसच्या वायफायवर ते चटकन उघडलं आणि तो पुढच्या कामाला लागला. इकडे शेलूबाजार आणि मालेगावच्या मधे, सोयाबीनच्या धुऱ्यावर उभा असलेला माणूस रेंजची एक कांडी सांभाळत तेच पान उघडायची वाट पाहतो. मग मोबाइल घेऊन माझ्याकडे येतो. "भाऊ, आपलं गाव यात दिसूनच नाही राह्यलं." गाव यादीत असतं. यादी अजून उतरलेली नसते.

मी किन्हीराजात बसून जावास्क्रिप्ट लिहितो. कृषी सेवा केंद्रं, शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था ही माझी गिऱ्हाइकं. त्यांच्या प्रत्येक अर्जात, प्रत्येक अहवालात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते : महाराष्ट्र, त्याखाली अमरावती विभाग, त्याखाली वाशिम जिल्हा, त्याखाली मालेगाव तालुका, त्याखाली किन्हीराजा. पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीला वर एकच पालक आणि खाली हवी तितकी मुलं. संगणकशास्त्रात याला ट्री म्हणतात, आणि ही रचना इतकी जुनी नि इतकी सोपी आहे की तिच्यात चूक करायला मेहनत घ्यावी लागते. तरीही ती मेहनत आमच्याकडे सर्रास घेतली जाते. त्याचा मला राग आहे.

रागाचं पहिलं कारण शिक्षणात आहे. आमच्याकडच्या अभियांत्रिकीच्या पोराला डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात बायनरी ट्री असतो. दोन मुलांचं झाड, डावं नि उजवं. तो ते पाठ करतो, कारण मुलाखतीत तेच विचारतात. २०१५ साली, मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणारं होमब्रू लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने जाहीर सांगितलं होतं की फळ्यावर बायनरी ट्री उलटा करून दाखवता आला नाही म्हणून गूगलने त्याला नाकारलं. त्या घटनेवर जगभर वाद झाला, आणि आमच्या क्लासवाल्यांनी त्यातून एवढाच धडा घेतला की ट्री उलटा करायचा प्रश्न शंभर वेळा घोटून घ्यायचा. मालेगाव तालुक्याला दोन गावं नाहीत, शंभरावर गावं आहेत. आमच्या कामातलं एकही झाड दोन मुलांचं नसतं. चार वर्षं शिकून आलेल्या पोरासमोर तालुक्यांची यादी ठेवली, तर हे तेच झाड आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. तो जिल्ह्यांचा एक अ‍ॅरे करतो, तालुक्यांचा दुसरा, गावांचा तिसरा, आणि एकात एक चार लूप लावतो. या पोराला दोष देऊन मी थांबणार नाही. ज्यांनी त्याला चार वर्षं शिकवलं आणि एकदाही त्याच्या स्वतःच्या गावचा पत्ता ट्रीमध्ये मांडायला लावला नाही, ते जास्त दोषी आहेत.

त्या लूपची किंमत काय होते ते सांगतो. सपाट यादीतून झाड उभं करायचं आहे. प्रत्येक नोंदीत तिचा कोड आहे आणि पालकाचा कोड आहे. सोपा वाटणारा आणि चुकीचा मार्ग असा : प्रत्येक नोंद घ्यायची आणि तिची मुलं शोधायला सगळी यादी पुन्हा चाळायची. चाळीस हजार नोंदी असतील तर चाळीस हजार गुणिले चाळीस हजार, म्हणजे १६० कोटी तुलना. बरोबर मार्ग असा : एकदा यादीवरून जाऊन सगळ्या नोंदी कोडप्रमाणे मॅपमध्ये ठेवायच्या, दुसऱ्यांदा जाऊन प्रत्येक नोंद तिच्या पालकाच्या मुलांच्या अ‍ॅरेमध्ये घालायची. ऐंशी हजार पावलं. १६० कोटी आणि ऐंशी हजार यांतला फरक ज्या माणसाला कामाच्या आधी दिसत नाही, त्याने गावकऱ्यांच्या मोबाइलला 'स्लो' म्हणू नये. आम्ही सात-आठ हजारांचा फोन वापरतो, कारण तोच परवडतो. त्या फोनवर चालेल असं लिहिणं हे तुमचं काम आहे.

वजनाचाही हिशोब मांडू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. किन्हीराजा या नावात काना, वेलांटी आणि हलन्त धरून दहा चिन्हं होतात, म्हणजे तीस बाइट. त्यात गावाचा कोड, पालकाचा कोड, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम मिळवून एका गावाला सत्तर बाइट धरा. चाळीस हजार गावांचे अठ्ठावीस लाख बाइट झाले. वाशिम जिल्ह्यात आठशेच्या आसपास गावं आहेत, त्यांचे पन्नास-साठ केबी होतात. एका तालुक्याची शंभर-सव्वाशे गावं धरली तर सात ते नऊ केबी. दाबून पाठवलं तर सगळेच आकडे खूप उतरतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहतं. शेतकऱ्याने आधी जिल्हा निवडावा, मग तालुका, आणि तालुका निवडल्यावर त्या एका फांदीची मुलं मागवावीत, एवढी साधी गोष्ट आहे. झाडाची रचना असल्याचा पहिला फायदाच हा की फक्त लागेल ती फांदी उचलता येते. तो फायदा सोडून देऊन सगळं झाड मुळासकट ओतायचं, वर ते दाखवायला भलामोठा तयार घटक आणायचा, त्यात खुणा, रंग, ओढून-टाकून हलवायची सोय, अ‍ॅनिमेशन, हे सगळं एका अर्जातलं एक गाव निवडण्यासाठी! हा निष्काळजीपणा आहे आणि त्याचे पैसे आमच्या डेटा पॅकमधून जातात.

आता 'हलकी लायब्ररी वापरा' असा सल्ला देणारे पुढे येतात. त्यांच्याशी माझं निम्मं पटतं. जावास्क्रिप्टमध्ये ट्रीसाठी अशा लायब्ररी आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. पण हलकी म्हणजे काय, हे विचारलं की ते किलोबाइटचा आकडा सांगतात. मला तो आकडा मान्य नाही. जी लायब्ररी मी एका बैठकीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढू शकतो, ती हलकी. जी वाचली नाही ती पाच केबीची असली तरी माझ्यासाठी जड आहे, कारण ती काय करते हे मला माहीत नाही आणि तिच्या जोरावर मी एका शेतकऱ्याचा अर्ज पुढे पाठवणार आहे.

ट्री-मॉडेल या लायब्ररीचं उदाहरण घेतो. मुलांचा अ‍ॅरे असलेला साधा ऑब्जेक्ट तिला दिला की ती त्याचं झाड करून देते. मग त्यावर फेरी मारता येते, अटीत बसणारा पहिला नोड, म्हणजे झाडातली नोंद, किंवा असे सगळे नोड काढता येतात, नवीन मूल जोडता येतं, नोड तोडता येतो, मुळापासून नोडपर्यंतचा मार्ग मिळतो. फेरी तीन प्रकारची : आधी पालक मग मुलं, आधी मुलं मग पालक, किंवा पातळीप्रमाणे. पालकाकडे जाणारा दुवा ती स्वतःच्या नोडवर ठेवते, तुमच्या मूळ ऑब्जेक्टवर ठेवत नाही, त्यामुळे मूळ ऑब्जेक्ट जसाच्या तसा जेसनमध्ये लिहिता येतो. हे फार शहाणपणाचं काम आहे. ज्यांनी स्वतः झाड लिहिताना मुलाच्या ऑब्जेक्टमध्येच पालक कोंबला आणि मग जेसन करताना 'सर्क्युलर' अशी चूक येऊन अडकले, त्यांना त्याची किंमत कळेल.

पण तीच लायब्ररी न वाचता वापरली तर काय होतं? फेरी मारताना तुम्ही दिलेल्या फंक्शनने फॉल्स परत केलं की फेरी तिथेच थांबते. हे तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. आता आजकाल सगळे बाणवाली छोटी फंक्शनं लिहितात, एका ओळीची, जिच्यात शेवटच्या पदाची किंमत आपोआप परत जाते. एका गटाने गावनिहाय नोंदींचा अहवाल करताना फेरीच्या आत अशीच एक ओळ लिहिली : गावाची नोंदसंख्या शून्यापेक्षा जास्त आहे की नाही, ते त्या नोडवर लिहून ठेवायचं. नोंद नसलेलं पहिलं गाव आलं, फॉल्स परत गेलं, फेरी थांबली. त्यापुढची सगळी गावं मोजणीतून गळाली. कुठे लाल अक्षर उमटलं नाही, कुठे चूक दिसली नाही. अहवाल छापला गेला, बैठकीत वाचला गेला, आणि गळालेल्या गावांत 'प्रतिसाद नाही' असं ठरलं. लायब्ररी तिच्या शब्दाला जागली. ज्याने ती बसवली त्याने अर्ध्या तासाचं वाचन टाळलं आणि त्या गावांवर शिक्का मारला. अशा माणसाला मी अनुभवी म्हणत नाही, मग त्याच्या नावापुढे किती वर्षांचा अनुभव लिहिलेला असो.

आणखी एक. ही लायब्ररी नोड जोडताना-तोडताना तुमच्या मूळ ऑब्जेक्टचा मुलांचा अ‍ॅरेसुद्धा बदलते. तोच ऑब्जेक्ट पानावर दुसरीकडे वापरात असेल तर तिकडचीही यादी बदलली. लेखकाने विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय आहे, कित्येक कामांत तो सोयीचा ठरतो. माहीत नसेल तर मात्र घात करतो.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या चुकीकडे येतो. ती लायब्ररीत नसते, माहितीत असते. नावाने शोधणं. आमचा तालुका मालेगाव. नाशिक जिल्ह्यातही मालेगाव तालुका आहे, आणि महाराष्ट्रात मालेगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. शेजारचा आमचा कारंजा लाड, तर वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे. झाडात 'पहिला सापडलेला मालेगाव द्या' असं विचारलं तर फेरीत जो आधी येईल तो मिळतो. विभाग मराठी वर्णक्रमाने लावले असतील तर अमरावती आधी, म्हणजे वाशिमचं मालेगाव. कोणी ते लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावले की उत्तर बदललं. एका अर्जप्रणालीत आमच्या भागातल्या लोकांचे अर्ज नाशिकच्या मालेगावखाली जाऊन बसले होते. शेतकरी इथे हेलपाटे घालत होता, अर्ज तिकडच्या यादीत 'प्रलंबित' होता, आणि टेबलापलीकडचा माणूस सांगत होता की तुमचा अर्जच आलेला नाही. दोघंही खरं बोलत होते. खोटं बोलत होता तो प्रोग्राम.

कोड आहेत. सरकारने दिलेले आहेत, फुकट आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७, वाशिम जिल्ह्याचा ५०२, आणि प्रत्येक गावाला सहा आकडी कोड. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नावाला किल्ली मानणाऱ्या प्रत्येक प्रणालीत या नावबदलांनी फांद्या तुटल्या असणार. माझ्याच गावाचं नाव कुणी जोडून लिहितं, कुणी 'किन्ही राजा' असं तोडून लिहितं. माणसाला दोन्ही एकच. संगणकाला ही दोन वेगळी गावं. आणि नुसतं 'किन्ही' नावाची गावं विदर्भात अनेक आहेत. नाव दाखवायला असतं. जोडायला कोड लागतो. एवढी एक गोष्ट पाळली असती तर निम्मी रडगाणी संपली असती, आणि ती पाळायला कोणतीही लायब्ररी लागत नाही.

झाड काळाबरोबर बदलतं, हेही या मंडळींच्या गावी नसतं. इंग्रजी अमलात वाशिम हा वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला. १ नोव्हेंबर १९५६ ला अख्खा विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा अकोल्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे याच मातीचा मार्ग शंभर वर्षांत अनेकदा बदलला, दोनदा तर मूळच बदललं. माझ्या गावात आजही लोकांच्या पेटीतले जुने कागद 'जिल्हा अकोला' म्हणतात आणि ते कागद खरे आहेत. आता ज्याने प्रत्येक नोंदीत संपूर्ण मार्ग एका ओळीत लिहून ठेवला, महाराष्ट्र, अमरावती, अकोला, मालेगाव, त्याला १९९८ नंतर प्रत्येक नोंद दुरुस्त करावी लागेल. ज्याने फक्त पालकाचा कोड ठेवला, त्याला तालुक्यांचा पालक बदलला की काम झालं, खालची सगळी गावं आपोआप त्यांच्याबरोबर आली. आणि ज्याला जुने कागद वाचायचे आहेत, त्याने पालकाच्या दुव्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहून ठेवायला हवं. ट्रीच्या लायब्ररीत नोड एका फांदीवरून दुसरीवर नेण्याची सोय असते. आधी तो कुठे होता, हे ती लक्षात ठेवत नाही. ते तुम्ही ठेवायचं असतं.

याच्याही पुढचा प्रश्न असा की प्रत्येक रचना झाड असते का? नसते. वाशिम जिल्ह्यातला रिसोड विधानसभा मतदारसंघ अकोला लोकसभा मतदारसंघात आहे. वाशिम आणि कारंजा हे मतदारसंघ यवतमाळ-वाशिम लोकसभेत आहेत. म्हणजे महसुलाच्या झाडात जो पालक, तो मतदानाच्या झाडात पालक नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद हे आणखी तिसरं. गट ग्रामपंचायतीत तर दोन-तीन गावं एका ग्रामपंचायतीखाली येतात. ट्रीमध्ये एका नोडला एकच पालक असतो. हा नियम मोडून तिन्ही एकात कोंबायला गेलात की एकच गाव तीन ठिकाणी दिसतं आणि बेरजेत तीनदा मोजलं जातं. उपाय सरळ आहे : गावाची नोंद मॅपमध्ये एकदाच ठेवा आणि तीन वेगळी, हलकी झाडं करा, ज्यांच्या पानांवर फक्त गावाचा कोड असेल. मी हे एका बैठकीत सांगितलं तेव्हा 'एवढं खोलात कोण जातं' असं उत्तर मिळालं. तुम्हीच जायचं आहे. त्यासाठीच तुम्हाला बोलावलं आहे.

झाडाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आमच्या नद्यांचं आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेलं नाही. नदी हे नेमकं झाड आहे, कारण प्रत्येक ओढ्याचं पाणी पुढे एकाच प्रवाहाला मिळतं, एकच पालक. काटेपूर्णा वाशिम जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. अडाण आणि अरुणावती याच जिल्ह्यातल्या, पण त्यांचं पाणी पैनगंगेत जातं. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा नि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातो. म्हणजे वाशिमच्या नद्यांची माहिती एक झाड नाही, दोन झाडं आहेत, दोन मुळांची. हे ज्याला माहीत नाही तो सगळ्या नद्या एका लायब्ररीत टाकतो. डी-३ मधल्या हायरार्की या भागाला सपाट यादी दिली आणि तिच्यात दोन मुळं निघाली, तर ती 'एकापेक्षा जास्त मुळं' अशी चूक देऊन थांबते. पालक सापडला नाही, साखळी गोल फिरून स्वतःकडेच आली, मुलं असलेला कोड दोघांना दिला, तरी थांबते. मी या लायब्ररीचा मोठा चाहता आहे आणि तो याच कारणासाठी. माईक बोस्टॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेली ही लायब्ररी चित्रं काढण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तिचं खरं मोल ती चुकीची माहिती मुकाट्याने गिळत नाही यात आहे.

लोक काय करतात? चूक आली की वरती एक खोटं मूळ जोडतात, 'सर्व' नावाचं, आणि चूक गेली म्हणून खूश होतात. यादी दाखवण्यापुरतं ते चालेल. पण पाणलोटाची बेरीज करायची असेल तर? बेरीज खालून वर जाते. आधी ओढे, मग उपनद्या, मग नदी. म्हणूनच इथे आधी मुलं मग पालक अशी फेरी लागते, आधी पालक घेतला तर त्याच्या हाताशी मुलांचे आकडेच नसतात. आणि त्या खोट्या मुळाशी तापीचं आणि गोदावरीचं पाणी एकत्र मिळवलं तर जो आकडा येतो तो पृथ्वीवर कुठेही अस्तित्वात नसलेल्या नदीचा आकडा आहे. कोणीतरी तो तक्त्यात छापतो. आमच्या जिल्ह्याचं नाव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. अशा जिल्ह्याबद्दलचे निर्णय तक्ते बघून होतात. तक्ता चुकला की बंधारा चुकीच्या ठिकाणी जातो. हे शब्द मी जपून वापरतो आहे.

'तयार मिळतंय तर लिहायचं कशाला?' हा प्रश्न मला कायम ऐकवतात. त्याला मार्च २०१६ हे उत्तर आहे. लेफ्ट-पॅड नावाचं, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभरचे मोठमोठे प्रकल्प बांधले जायचे थांबले. अकरा ओळी लिहायचा कंटाळा जगाने केला होता. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजची देखभाल एका अनोळखी स्वयंसेवकाकडे गेली, त्याने त्यात दुसरं एक छोटं पॅकेज घुसवलं, आणि त्या पॅकेजात बिटकॉइनच्या पाकिटावर डल्ला मारणारा कोड निघाला. छोटं आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही समजूत तेव्हाच संपायला हवी होती. ट्री-मॉडेलखाली आणखी दोनच छोटी पॅकेजं आहेत, तीही वाचून होतात. मी म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवतो. माझ्या गावचा शेतकरी घरचं सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो, मगच पेरतो. लाखांचे प्रकल्प करणारे अभियंते पॅकेज उतरवताना तेवढीही तपासणी करत नाहीत. आवृत्ती पक्की करून ठेवत नाहीत, लॉकफाइल पुसून टाकतात, आणि बिघडलं की 'अपडेट आला असेल' म्हणतात.

मग मी काय वापरतो? अर्जात गाव निवडायचं असेल तर काहीच नाही. चाळीसेक ओळी स्वतःच्या. एक मॅप, दोन फेऱ्या, मार्ग काढण्यासाठी पालकाकडे चढत जाणारा एक लूप, आणि आपल्या भाषेच्या क्रमाने लावण्यासाठी ब्राउझरमध्येच असलेला मराठीचा कोलेटर, ज्याला आकड्यांचा क्रम सांभाळायला सांगितलं की गट नंबर २ हा गट नंबर १० च्या आधी येतो. रिकर्शनला लोक उगाच घाबरतात. ही झाडं पाच-सहा पातळ्यांची आहेत, हजारो पातळ्यांची नाहीत. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला गट, उपगट, सभासद असं झाड पडद्यावर हलवायचं, जोडायचं, तोडायचं असेल तर ट्री-मॉडेल, वाचून आणि आवृत्ती पक्की करून. बेरजा आणि चित्रं असतील तर डी-३ ची हायरार्की, तीही फक्त तेवढाच भाग. २०१६ पासून डी-३ सुट्या भागांत मिळते, सगळी आणायची गरज नाही. या तिन्हींपैकी कशालाही किन्हीराजाच्या रेंजमध्ये अडचण येत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार शेवटी सांगतो, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही. यादीतून झाड करताना काही नोंदींचा पालक सापडत नाही. कोड टंकताना चुकलेला असतो, गाव नव्याने घोषित झालेलं असतं, धरणात गेलेल्या गावाचं पुनर्वसन होऊन ते दुसऱ्या तालुक्यात वसलेलं असतं आणि यादी जुनीच असते. बहुतेक प्रोग्राम अशा नोंदीशी एकाच प्रकारे वागतात : पालक असेल तर जोड, नसेल तर पुढे चल. एक 'इफ', आणि एक अख्खं गाव झाडाबाहेर. त्या गावच्या माणसाला यादीत आपलं गाव दिसत नाही. तो शेजारच्या गावाचं नाव निवडतो, किंवा निवडतच नाही. त्याच्यासाठी कोणतीही चूक नोंदवली जात नाही, कारण प्रोग्रामच्या दृष्टीने तो कधी आलाच नव्हता.

म्हणून माझी मागणी एवढीच आणि लेखी आहे. जिल्ह्यात जो कोणी गावनिहाय अर्ज किंवा अहवालाची प्रणाली विकत घेईल, त्याने काम करून देणाऱ्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात. पान पहिल्यांदा उघडताना एकूण किती केबी उतरतात तो आकडा, स्वस्त फोनवर मोजलेला. प्रत्येक जोडणी नावाने नसून कोडने आहे याची खात्री, मालेगाव आणि कारंजा ही दोन नावं टाकून करून दाखवलेली. आणि पालक न सापडलेल्या सगळ्या गावांची यादी, कागदावर छापून, बिलाला जोडलेली. ती यादी रिकामी नसेल तर बिल मंजूर करू नये.